अस्तराखालची पाठ

टेलरबाईंच्या हातचा ड्रेस अंगात घातला की बाई निम्मी बारीक दिसते, असं त्या गल्लीत म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. खोटं एवढंच, की बाई होती तेवढीच असायची. कुणाचा एक खांदा पडलेला, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची कंबर कुठे गेली ते तिचं तिलाच ठाऊक नाही. टेलरबाई टेप फिरवायच्या, काही न बोलता खडूची रेघ जरा सरकवून मारायच्या, आणि ट्रायलला बाई आरशासमोर उभी राहिली की स्वतःवरच खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. लोकांच्या मुठी झाकून द्यायच्या, हाच टेलरबाईंचा धंदा.

बाहेर टेलरबाई, पण घरात चिमी. साठी जवळ आली, चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी थोरल्या बहिणीने "चिमे" अशी हाक मारली की ही हातातली कात्री टाकून उठायची. आई लवकर गेली होती. ताईनेच हिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, पुस्तकात डोकं चालत नाही म्हटल्यावर शिवणक्लासला घातलं. पहिलं मशीनही ताईच्याच पगारातून आलं. स्वतः ताईने लग्न केलं नाही. ती भूगोल शिकवायची, आणि वर्गात अशी ताठ उभी राहायची की पोरं तिला मागून "खांबबाई" म्हणायची. हे तिला माहीत होतं. ती रागावल्यासारखं करायची, पण मनातून तिला ते नाव आवडायचं. त्या ताठपणाचा तिला फार अभिमान. आयुष्यात तिने चिमीला जी काही हजार वाक्यं ऐकवली असतील त्यातली निम्मी "चिमे, वाकून बसू नकोस" हीच.

तर अशा त्या खांबाला पोक येऊ लागलं. आणि ते सगळ्यांत आधी कळलं चिमीच्या बोटांना.

पाठ वाकली की कपडा चुगली करतो. मागून वर चढतो, पुढून लोंबतो, गळा मानेपासून सुटून उभा राहतो. साधा शिंपी खालची कड सारखी करतो आणि मोकळा होतो. चिमी तसली नव्हती. ती मागचा भाग लांब कापायची, पुढचा आखूड, खांद्याजवळ कापडाला चिमटा घालून एक टक्स घ्यायची आणि तो शिलाईत असा लपवायची की शोधून सापडू नये. मानेखाली जो खळगा पडतो तिथे अस्तराच्या आत कापसाचा पातळ थर. कपडा खाली पडायचा तो थेट ओळंब्यात. वय झालेल्या बायकांच्या पाठी हा तिचा हातखंडा होता. आणि मापं बदलली हे गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही, हे तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. देवाने दिलेल्या अंगाला शिंप्याने नावं ठेवू नयेत, म्हणायचे. चिमीने तो नियम गिऱ्हाइकांना लावला आणि ताईलाही लावला. ताईचं माप घेताना दरवेळी बोटभर फरक पडायचा, आणि दरवेळी चिमी मूग गिळून गप्प बसायची. ताईला वाईट वाटेल, असं स्वतःला सांगायची. खरं म्हणजे ताईला असलं काही सांगायची तिची छातीच नव्हती.

मग आली पावडर.

ती आणली नणंदेने. नणंद दर दोन वर्षांनी नवं काहीतरी विकायची. आधी भांडी झाली, मग साबण झाले, आता हाडांची पावडर. डब्यावर एक पांढऱ्या केसांची बाई दोन्ही हात वर करून उडी मारत होती. "तुझ्याकडे सगळ्या पन्नाशीच्या पुढच्याच बायका येतात," नणंद म्हणाली, "फळीवर नुसते ठेव. बोलायचंसुद्धा नाही तुला." आणि चिमीला नाही म्हणता येत नसे, हे नणंदेला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं. डबे फळीवर बसले.

पहिला डबा नेला बेकरीवाल्या काकूंनी. त्याच सुमाराला त्यांचा ड्रेस शिवायला आला होता. महिन्याभराने काकू ट्रायलला आल्या, ड्रेस घातला, आरशासमोर आडव्या उभ्या राहिल्या आणि ओरडल्याच.

"अहो टेलरबाई! माझी पाठ बघा! सरळ झाली की हो! काय पावडर आहे!"

चिमी मागे गुडघ्यावर बसून कड लावत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असताना माणूस बोलू शकत नाही, हे खरं आहे. पण टाचण्या काढताही येतात, हेही खरं आहे. त्या तिने काढल्या नाहीत. तिला वाटलं, जाऊ दे, बाई खूश आहे, आपलं काय जातंय. दुसऱ्या दिवशी काकूंनी चार बायका पाठवल्या. चौघींनी डबे नेले, चौघींनी ड्रेस शिवायला टाकले, आणि चौघींच्या पाठी सरळ झाल्या. आता त्या कशाने झाल्या ते एकट्या चिमीला माहीत होतं. कपड्याचं श्रेय पावडर खाऊन गेली, याचं तिला सुरुवातीला थोडं वाईटसुद्धा वाटलं. बघा, माणसाला वाईट कशाचं वाटतं!

ताईची हाडांची तपासणी झाली ती याच दरम्यान. सर्दीखोकल्यासाठी गेली होती, डॉक्टरने वय विचारलं आणि यंत्राखाली झोपवलं. हाडं विरळ झाली आहेत, असं निघालं. आठवड्यातून एकदा एक गोळी घ्यायची होती. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ताईने हे फक्त चिमीला सांगितलं, तेही दार लावून, जसं काही तिच्या हातून चोरी झाली होती.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "आणि तुझ्याकडे ती पावडर आहे म्हणे, तीही दे एक."

चिमीने दिली. दिली म्हणजे प्रेमाने दिली, ते तिच्या बाजूने सांगायला हवं.

मग ताईच्या शाळेचा मोठा समारंभ ठरला. जुन्या शिक्षकांचा सत्कार होता. चिमीने ताईसाठी कोट शिवला, आणि आयुष्यभरातली सगळी विद्या त्या कोटात ओतली. करड्या रंगाचं कापड, आत कडक अस्तर, पाठीला कापसाचे दोन थर. कोट घालून ताई स्टेजवर गेली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी टक्कल पडलेला विद्यार्थी ओरडला, "खांबबाई अजून तशाच!" आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. चिमी खाली बसून टाळ्या वाजवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण काहीतरी फार चांगलं केलं असं तिला त्या दिवशी वाटलं.

पुढच्याच आठवड्यात ताई दुकानात आली. "त्या गोळीने छातीत जळजळतं," म्हणाली. "आणि अर्धा तास बाहुलीसारखं बसून राहायचं. मी बंद करते. पावडरीने एवढा फरक पडलाय, तर गोळी कशाला? तुला काय वाटतं?"

ताईने चिमीला आयुष्यात फार थोड्या वेळा काही विचारलं होतं. एरवी ती सांगायची. ह्या खेपेला तिने विचारलं, आणि खुर्चीवर बसून उत्तराची वाट पाहिली. चिमीच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण बेकरीवाल्या काकू समोर बसल्या होत्या, फळीवर डबे होते, आणि खरं सांगायचं म्हटलं तर पाठीतल्या कापसापासून सगळंच सांगावं लागलं असतं.

"तुला बरं वाटतंय ना," चिमी म्हणाली, "मग झालं."

पुढे काही महिन्यांनी ताईने बेडरूमची खिडकी उघडताना वर रेटली, ती अडकली होती, तिने पुन्हा जोर लावला, आणि पाठीत काहीतरी कट्कन झालं. शेजाऱ्यांनी चिमीला फोन केला. चिमी पोचली तेव्हा ताई पलंगाच्या कडेला बसली होती, पांढरीफटक, आणि हात लावू देत नव्हती.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. बोलणं सरळ, आवाज गोड. तिने एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला.

"हा मणका आता दबलाय," ती म्हणाली. "पण हा वरचा बघा. हा जुना आहे. वर्ष-दोन वर्षं तरी झाली असतील."

"मला काही दुखलं नव्हतं," ताई म्हणाली.

"पुष्कळदा दुखत नाही. दुखलं तरी साधी पाठदुखी समजून सोडून देतात. पण उंची कमी होते, पोक येतं. बायकांना आधी कपड्यांवरून कळतं बघा. ड्रेस मागून वर चढायला लागतो, गळा सुटतो. तुम्हाला तसं काही जाणवलं नाही?"

"छे!" ताई एवढ्या दुखण्यातही तोऱ्यात म्हणाली. "माझे कपडे ही शिवते. माझी धाकटी बहीण. एक सुरकुती दाखवा म्हणावं."

डॉक्टर चिमीकडे बघून कौतुकाने हसली. "वा," म्हणाली.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. चिमीने त्या फरशीकडे तशाच आशेने पाहिलं. आपले हात तिला नकोसे झाले. ते कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून तिने ते पर्समध्ये घातले.

"गोळी चालू होती ना?" डॉक्टरने विचारलं.

"बंद केली. पावडर घेते मी, कॅल्शियमची."

"पावडर वाईट नाही. जेवणात कॅल्शियम कमी पडत असेल, ड जीवनसत्त्व कमी असेल, तर ते वरून घ्यावंच लागतं. पण तुमची हाडं आता नुसत्या खाण्याने सावरणार नाहीत. झीज थांबवायला औषधच लागतं. आणि तुम्ही सांगता त्या डब्यात तर चमच्याला वाटीभर दह्याइतकंही कॅल्शियम नाही."

"मला फरक दिसत होता," ताई म्हणाली.

"कुठे दिसत होता?"

"आरशात."

डॉक्टरने मान हलवली, तिला काही कळलं नाही. कळलं ते चिमीला. "जळजळ होत असेल तर दुसरं औषध देता येतं, इंजेक्शन आहे," डॉक्टर म्हणाली. "पण हे टाळू नका. आज मणका गेला. उद्या खुब्याचं हाड गेलं तर पुन्हा पायावर उभं राहणं कठीण होतं."

ताईला घरी आणलं. चिमी मशीन बंद करून तिच्याकडेच राहायला गेली. उठवायचं, बसवायचं, पाठीचा पट्टा बांधायचा, केस विंचरायचे. ताई तिला म्हणायची, "किती करतेस गं माझं." हे वाक्य ऐकलं की चिमीला पळून जावंसं वाटे. चोराच्या मनात चांदणं. ताईने साधं "चिमे" म्हटलं तरी ही काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जायची.

आणि गोळ्यांचं पाकीट तसंच पडून होतं.

"अगं, पावडर होती म्हणून एकाच मणक्यावर भागलं," ताई म्हणायची. "नाहीतर सगळाच खांब कोसळला असता. दुसरा डबा आण."

"ती पावडर नको आता," चिमी म्हणाली. "माल खराब आलाय."

"मग चांगला आण."

"ताई, डॉक्टर एवढं सांगते आहे, तर घे ना गोळी."

"डॉक्टरने माझी पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी रोज बघते. तो कोट घातल्यावर तूच बघितलंस ना? शाळेतल्या सगळ्यांनी बघितलं. ते काय सगळे आंधळे?"

कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही. चिमीने दोन दिवस झाकून पाहिलं. डॉक्टरला फोन करून समजवायला सांगावं का, असंही तिच्या मनात आलं. म्हणजे खरं बोलायचं काम पुन्हा दुसऱ्यानेच करायचं. तिला स्वतःचीच किळस आली. दुपारी जेवणं झाल्यावर ती कपाटाशी गेली, करडा कोट काढला, ब्लेड घेतलं आणि ताईसमोर येऊन बसली.

"काय फाटलंय?" ताईने विचारलं.

"काही नाही फाटलं." चिमीने कोट उलटा केला, पाठीच्या मधोमध ब्लेड घातलं आणि अस्तर गळ्यापासून खालपर्यंत उसवलं. आतून कापसाचे थर बाहेर आले, चिमीच्याच बारीक टाक्यांनी जागच्या जागी बसवलेले.

"हे काय आहे?"

"कापूस. तुझ्या मानेखाली खळगा पडतो, तो भरलाय. म्हणजे पोक दिसत नाही. आणि हा मागचा भाग मी लांब कापलाय. पुढचा आखूड." चिमी कापडाशी बोलत होती. "ताई, तुझी पाठ सरळ झाली नव्हती. पावडरीने काही झालं नव्हतं. मी तसं शिवलं होतं. सगळ्या बायकांना मी तसंच शिवते."

ताईने हात पुढे केला. कापूस दोन बोटांत धरून दाबला, पुन्हा दाबला.

"कधीपासून शिवतेस असं? मला."

"तू रिटायर झालीस, त्यानंतर लगेचच. आधी बोटभर फरक होता."

"म्हणजे पावडर यायच्या आधीपासून."

"हो."

"तपासणीच्या आधीपासून."

"हो."

"म्हणजे तुझ्या हाताला कळलं होतं."

चिमीने मान डोलावली. ओरडेल, कोट तोंडावर फेकेल, असं तिला वाटलं होतं, आणि ते झालं असतं तर बरं झालं असतं. ताई ओरडली नाही. ती फार हळू बोलली.

"त्या दिवशी मी तुला विचारायला आले होते. गोळी बंद करू का म्हणून. तुला माहीत होतं, आणि तू म्हणालीस, बरं वाटतंय ना, मग झालं."

"मला तुला दुखवायचं नव्हतं, ताई."

"मी तुझी गिऱ्हाईक होते का गं, चिमे?"

चिमी रडायला लागली. ताईने तिला गप्प केलं नाही. लहानपणापासून चिमी रडली आणि ताईने डोक्यावर हात ठेवला नाही, असं तोवर कधी झालं नव्हतं. शेवटी ताई म्हणाली, "ते पाकीट इकडे दे. उद्या सकाळी उठल्यावर घेते. आणि जळजळ झाली तर इंजेक्शनचं विचारू." मग तिने कोट घडी न करताच बाजूला सारला. "पण यापुढे माझं कापड तू कापायचं नाहीस."

"ताई..."

"नाही म्हणजे नाही."

चिमीने डबे नणंदेला परत केले. नणंद म्हणाली, माझं नाक कापलंस चार लोकांत. चिमीने ऐकून घेतलं. बेकरीवाल्या काकूंना तिने सगळं खरं सांगितलं आणि एकदा हाडांची तपासणी करून घ्या, पाठीला बाक आलाय, असंही सांगितलं. काकू लालबुंद झाल्या. पाठीला बाक? माझ्या? टेलर आहात की डॉक्टर, म्हणाल्या, आणि अर्धवट शिवलेला ड्रेस उचलून दुसऱ्या शिंप्याकडे गेल्या. तपासणीला गेल्या की नाही, ते चिमीला कळलं नाही. बाकीच्यांपैकी दोघी गेल्या. एकीने नंतर येऊन चिमीचा हात हातात घेतला. आपण याला लायक नाही असं वाटून चिमीने हात सोडवून घेतला.

ताईचा पट्टा निघाला. ती हळूहळू चालायला लागली, गोळी घेऊ लागली, त्यांचं बोलणंही पुन्हा सुरू झालं. भाजी काय आणली, नळाला पाणी आलं का, असलं बोलणं. एक दिवस ती चालत दुकानात आली. चिमी एका नव्या बाईंचं माप घेत होती. ताईच्या अंगात नवाकोरा ड्रेस होता. दुकानातून घेतलेला, तयार.

मागून चांगला चार बोटं वर चढला होता. पुढून लोंबत होता. गळा मानेपासून सुटला होता, आणि खांद्यांच्या मधोमध कापड ताणून बसलं होतं. पोक सगळ्या रस्त्याला दिसेल असं दिसत होतं. चिमीने त्या पाठीवर वर्षानुवर्षं हात फिरवला होता, पण एवढं पोक आहे हे तिने स्वतः डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या हातून टेप सुटली.

"अहो, टेलरबाईंची बहीण आणि असा ड्रेस?" नव्या बाई हसून म्हणाल्या.

चिमी उठली. "ताई, काढ तो. आत्ता नीट करून देते. मागून थोडी शिलाई सोडली, खांद्याला एक टक्स घेतला की..."

"नको," ताई म्हणाली. खुर्ची ओढून ती सावकाश बसली. "असाच बरा आहे. रस्त्यातलं कुणीतरी सांगेल तरी."

नव्या बाईंना ही थट्टा वाटली, त्या पुन्हा हसल्या. चिमीने खाली वाकून टेप उचलली, आणि त्या बाईंचं माप पुरं होईपर्यंत तिला ताईकडे मान वर करून बघता आलं नाही.